अण्णांच्या बोटीचा पाय

बोटीला पाय असतो, हे पूर्णगडात आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं. होडीला वल्हं असतं, शीड असतं, सुकाणू असतं, फार तर मागे लटकवलेलं इंजिन असतं. पण अण्णा शेवड्यांनी ८६ सालच्या गणपतीनंतर सरकारी लिलावातून जी पांढरी बोट आणली, तिचं इंजिन पोटात होतं आणि मागच्या अंगाला पाण्यात सोडलेला एक भलाथोरला धातूचा पाय होता. पायाच्या तळाशी पंखा. एक बटण दाबलं की तो पाय घूं करत वर यायचा, दुसरं दाबलं की खाली जायचा. निदान जायला हवा होता. ही सगळी गोष्ट त्या 'हवा होता'ची आहे.

तीस वर्षं आसपासच्या शाळांत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला बोट कशाला हवी, असं तुम्ही विचाराल. अख्ख्या गावाने विचारलं, तुम्हीही विचारा. कारण अगदी साधं होतं आणि ते अण्णांच्या परसातून दिसायचं. खाडीच्या पलीकडच्या काठाला केवडेवाडी, आणि केवडेवाडी म्हणजे मालनवहिनींचं माहेर. धुणं वाळत घालता घालता त्यांना माहेरचे माड मोजता यायचे. पूर्वी माणसं पलीकडे नेणारी होडी, म्हणजे तर, होती, वीस मिनिटांत पलीकडे. दोन वर्षांपूर्वी तर चालवणाऱ्या म्हाताऱ्याला मुलाने मुंबईला नेलन आणि तर बंद पडली. पुलाचं नाव दर निवडणुकीत निघायचं आणि नंतर ते नावच उरायचं. राहता राहिली एसटी. ती दोन गाड्या बदलून, डोंगराला वळसे घालत निम्मा दिवस खायची, आणि मालनवहिनींना तर दुसऱ्या वळणालाच गाडी लागायची.

तेही एक वेळ चाललं असतं. पण केवडेवाडीत दत्तजयंतीचा उत्सव, आणि दत्तजन्माला पहिला पाळणा म्हणायचा मान माहेरच्या थोरल्या लेकीचा, म्हणजे मालनवहिनींचा. दोन वर्षं तो पाळणा दुसऱ्याच कुणीतरी म्हटला. "चाल पार बिघडवली," असं त्यांचा भाऊ भिकाजी याने पत्रात लिहिलं होतं. ते पत्र आलं त्या दिवशी मालनवहिनी जेवल्या नाहीत. नुसतं ताट वाढून अण्णांच्या पुढे ठेवलं आणि परसात जाऊन उभ्या राहिल्या. अण्णांना ती आमटी गोड लागेना. पानावरून उठताना ते म्हणाले, "यंदाचा पाळणा तूच म्हणशील. मी नेईन तुला, स्वतःच्या बोटीतून." शिक्षकाचा शब्द होता. मागे घ्यायची सवय नव्हती.

बोटीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. तिची निम्मी पानं पाण्याने चिकटली होती आणि उरलेल्यांतली काही वाळवीने वाचून टाकली होती. अण्णांनी उरलं तेवढं मराठीत उतरवायला घेतलं. दोनशे पानी वही, वर कव्हर, पहिल्या पानावर लाल शाईत 'बोटीचा पाय : रचना, कार्य व दोषनिवारण', आणि समासात स्वतःलाच स्वतःचे शेरे. धक्क्यावर फळा टांगून त्यांनी गावाला एक पाठही दिला. पाय आत ओढला की बोटीचं नाक खाली जातं, बाहेर ढकलला की नाक वर येतं. नाक फार वर गेलं की पुढचं दिसत नाही, फार खाली गेलं की पाणी अंगावर येतं. नाक किती वर ठेवायचं हे ज्याला समजलं त्याला बोट समजली. धक्क्यावरच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. गावात दोन-तीन नाकं अशी होती की त्यांना हा नियम बोटीपेक्षा जास्त लागू होता.

इंजिनाचं काम बाबल्याकडे दिलं. बाबल्या खरव्यांचा. बंदरातल्या सगळ्या लाँचींची इंजिनं त्याच्या हाताखालून गेलेली. अण्णांचा तो जुना विद्यार्थी. सहावीत विज्ञानात एका मार्काने नापास झाला होता. त्या मार्काचा विषय पंधरा वर्षांत त्याने एकदाही काढला नव्हता, त्यावरून तो विसरलेला नाही हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं.

आता परवाना. बोट पाण्यात टाकायची तर सरकारदरबारी नोंद हवी. अण्णा रत्नागिरीच्या कचेरीत चार खेपा घालून आले. तिथल्या कारकुनाने अर्ज वाचला आणि पेन टोपणात घातलं.

"इंजिन आत की बाहेर?"

"इंजिन आत," अण्णा म्हणाले. "पाय बाहेर."

"पायाला रकाना नाही. आत की बाहेर?"

अण्णांनी खिशातून खडू काढला, पण फळा नव्हता. मग बोटांनी हवेत बोट काढली, इंजिन काढलं, पाय काढला, तो वर-खाली करून दाखवला. मागची रांग खुशीत आली. कारकुनाने शांतपणे सगळं पाहिलं.

"मास्तर, मला कळलं. पण रकान्याला कळायला हवं ना. एक काहीतरी ठरवा आणि सोमवारी या."

चौथ्या खेपेला 'आत (अंशतः बाहेर)' यावर तडजोड झाली. मग नावाचा रकाना आला. अण्णांनी जराही विचार न करता 'मालन' लिहिलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा मालनवहिनी लाजल्या वगैरे नाहीत. "मला विचारायचं तरी," एवढंच म्हणाल्या. त्यांना पुढचं दिसलं असावं.

एवढं होईतो दसरा आला. बोटीच्या चाचण्या चालू होत्या आणि पाय जरा रेंगाळत वर यायला लागला. अण्णांनी वही उघडली. पाय उचलायचा जो पंप, त्याच्या टाकीत तेल असतं. ते तेल नळीतून जोराने गेलं की पाय हलतो. टाकी पाहिली, तर तेल तळाला. कुठलं तेल घालायचं ते पुस्तिकेच्या ज्या पानावर होतं ते पान वाळवीच्या पोटात. उरलेल्या ओळीत एवढंच होतं की तेल स्वच्छ, पातळ आणि पाण्याचा अंश नसलेलं असावं. रत्नागिरीतल्या दुकानदाराने मान हलवली. "मुंबईहून मागवावं लागेल. होळीपर्यंत येईल."

होळी म्हणजे दत्तजयंती होऊन गेलेली. अण्णा घरी आले आणि माजघरात शिरले. तिथे फडताळात भिकाजीने पाठवलेला खोबरेलाचा डबा होता. माहेरच्या माडांचे नारळ, लाकडी घाण्यावर काढलेलं तेल, मालनवहिनी ते चमच्याने मोजून वापरायच्या. अण्णांनी शास्त्रोक्त परीक्षा केली. काचेच्या पेल्यात ओतून उजेडात धरलं : स्वच्छ. बोटावर घेऊन पाहिलं : पातळ. वात भिजवून पेटवली, तडतड झाली नाही : पाण्याचा अंश नाही. तिन्ही कसोट्यांना उतरलं. याहून शुद्ध तेल अख्ख्या तालुक्यात नव्हतं, आणि हे विधान शास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर होतं.

मालनवहिनी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. त्या परत येईपर्यंत डबा रिकामा आणि बोटीची टाकी भरलेली. ऑक्टोबरचा उकाडा मी म्हणत होता. पाय असा झोकात वर-खाली व्हायला लागला की बाबल्याने दोनदा बटण दाबून खात्री केलीन. "कुठचं तेल घातलंत, गुरुजी?" त्याने विचारलं. "शुद्ध," अण्णा म्हणाले आणि विषय बदलला.

घरी विषय बदलणं इतकं सोपं नव्हतं. मालनवहिनी फडताळापुढे उभ्या होत्या.

"अहो, डबा कुठे गेला?"

अण्णा आयुष्यात फारसं खोटं बोललेले नव्हते, त्यामुळे सराव नव्हता. तोंडाला येईल ते बोलून गेले. "देवळात दिला. नंदादीपाला." आणि भिंत बांधावी तसं पुढचं वाक्य घातलं, "गुप्तदान आहे, कुठे बोलू नकोस."

मालनवहिनींचे डोळे भरून आले. देवळाची पायरी पुनवेलाही न चढणारा हा माणूस. त्यांनी त्या संध्याकाळी हळदीच्या पानातले गोड पातोळे केले. अण्णांनी ते खाल्ले, सहा, ताटातून वर न बघता. दुसऱ्या दिवसापासून घरात दुकानातली खोबरेलाची बाटली आली.

डिसेंबर लागला आणि थंडी पडली. कोकणातली थंडी म्हणजे तरी काय, पहाटे कानाला मफलर आणि दहाच्या उन्हात अंगातला सदरा काढायचा. पण यंदा जरा जास्तच होती. बंबाशेजारी राखुंडीने दात घासत बसलेल्या अण्णांना रोज सकाळी एकच दृश्य दिसायचं. मालनवहिनी तेलाची बाटली आणून बंबाला टेकवून ठेवायच्या.

"उकळेल ते," अण्णा म्हणायचे.

"उकळत नाही," त्या म्हणायच्या. "वितळतं. दहा मिनिटं लागतात."

"मग बाजूला सरकव, माझा तांब्या ठेवू दे," असं म्हणून अण्णा स्वतःच्या हाताने ती बाटली बाजूला सरकवायचे. रोज. हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

पहिली तपासणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. बंदर खात्याचे इन्स्पेक्टर कुडतरकर सकाळी साडेसातच्या गाडीने आले. नऊच्या गाडीने परतायचं होतं, कारण नंतरची गाडी एकदम संध्याकाळी. स्वभावाने गरीब माणूस, पण हातात छापील कागद असला की त्यापलीकडचं त्यांना दिसत नसे. अण्णांनी कोट घातला होता. धक्क्यावर निम्मा गाव जमला होता. रात्री ओहोटीला पाय चिखलात रुतू नये म्हणून तो वर घेऊन ठेवायचा आणि सकाळी खाली सोडायचा, अशी पद्धत. बाबल्याने बटण दाबलं.

पंप म्हणाला, घूं. पाय हलला नाही.

पुन्हा दाबलं. घूं. एखाद्याला उठवावं आणि त्याने पांघरुणातूनच हो म्हणावं, तसा आवाज. पाऊण तास हेच चाललं. कुडतरकरांनी घड्याळ बघितलं, कागदावर 'पाय निकामी' असं लिहिलं, चहा घेतला आणि नऊच्या गाडीने गेले. अकरा वाजता बाबल्याने सहज बटण दाबलं आणि पाय सरळ खाली आला. पोरं टाळ्या वाजवत होती. अण्णा कोट काखेत धरून, गाडी ज्या रस्त्याने गेली त्या रस्त्याकडे बघत उभे होते.

गावात मग एकच विषय. दुपारी पाणवठ्यावर बाया विचारायच्या, "मालन आज तरी उठली का गो?" आणि उत्तर यायचं, "आज पण नाय. अकराशिवाय पाय जमिनीला लावत नाय." मालनवहिनी, ज्या गेली तीस वर्षं पहाटे पाचला उठत होत्या, त्यांनी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. घरी आल्यावर त्यांनी अण्णांना विचारलं, "नाव बदलायचा अर्ज असतो का हो?"

शेजारचे आप्पा कोतवडेकर पूर्वी मुंबईला गोदीच्या स्टोअरमध्ये होते. खिळे मोजायचं काम, पण बोटी रोज डोळ्यांसमोरून जायच्या, त्यामुळे अधिकार. त्यांनी निदान केलं, "बॅटरीला थंडी बाधते. माझ्या डोळ्यांदेखत बोटी बंद पडल्या आहेत गोदीत." म्हणून बॅटरी काढून घरी आणली. रात्रभर ती अण्णांच्या गोधडीत झोपली आणि अण्णा सतरंजीवर. चार रात्रींत अण्णांना सर्दी झाली, बॅटरी ठणठणीत राहिली, आणि पाय सकाळी हलेना.

अण्णांनी वही काढली. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : 'पंप आवाज करीत नसेल, तर फ्यूज, वायर अथवा बॅटरी पाहावी. पंप आवाज करतो परंतु पाय हलत नाही, तर (१) तेल कमी असणे, (२) तेलात हवा शिरणे, (३) तेल' आणि पुढे पुस्तिकेचं पानच नव्हतं. वाळवीने नेमकं तिथे पोट भरलं होतं. अण्णांनी तेल पाहिलं. भरपूर होतं. पाहिलं अर्थात दुपारी दोन वाजता, भर उन्हात, कारण सकाळी ते काळजी करत असत. मग हवा. बाबल्याने नळीचे स्क्रू सैल करून हवा काढली. हवा निघाली नाही, पण काढली असं वहीत नोंदवलं.

तिसरा सल्ला विठू गुरवाचा. त्याचं म्हणणं, बोट परमुलखाची, खाडीत उतरवली, पण खाडीच्या राखणदाराला विचारलंच नाही. गाऱ्हाणं घालायला हवं. अण्णांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. पण तपासणी जवळ आली की विश्वासाची मर्यादा थोडी सैल होते, हे त्यांनी शाळेत असताना मुलांच्या बाबतीत पाहिलं होतं. सकाळी दहा वाजता विठू धक्क्यावर उभा राहिला.

"बा राखणदारा महाराजा, ह्या शेवडे गुरुजींनी तुज्या खाडीत ही बोट आणलीन..."

"होय महाराजा," गाव म्हणाला.

"तिचा पाय वर रवलाय, तो खाली येत नाय..."

"होय महाराजा."

"तिच्या नळीत, पंपात, बटणात, फ्यूजात जी काय बाधा असंल ती दूर कर, आनि गुरुजींचं काय चुकलं-माकलं असंल, लपवलं-झाकलं असंल ते पोटात घाल..."

"होय महाराजा," गाव म्हणाला, आणि अण्णांना ठसका लागला.

गाऱ्हाणं तासभर चाललं. अकरा वाजले. बाबल्याने बटण दाबलं आणि पाय खाली आला. विठूचा भाव असा वधारला की त्याच संध्याकाळी आप्पांनी त्याला बिघडलेल्या रेडिओसाठी बोलावलं.

दुसऱ्या तपासणीला कुडतरकर पुन्हा साडेसातला आले. घूं. त्यांनी पुन्हा चहा घेतला. जाता जाता बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झाली तर अर्ज निकालात निघतो. मग पुढचा मोसम." अण्णांनी आयुष्यात शेकडो मुलांना हे वाक्य ऐकवलं होतं. आज त्याचं वजन पहिल्यांदा कळलं. त्यांनी तारीख विचारली. कुडतरकरांनी डायरी पाहिली. "दत्तजयंतीला. मलाही पलीकडे दर्शनाला जायचंच आहे. चालली तर बोटीनेच जाऊ, तीच चाचणी. नाही चालली तर नऊची गाडी आहेच."

घरी मालनवहिनींनी ट्रंक काढली होती. जांभळं लुगडं, भावजयीसाठी खण, दत्ताला घालायचं अंगडं-टोपडं, सगळं रचून ठेवलेलं. पोळ्या लाटताना त्या पाळण्याची चाल गुणगुणत होत्या. अण्णा दारात उभे राहिले, काहीतरी सांगायचं म्हणून घसा खाकरला, आणि "मीठ आहे ना?" असं विचारून परत गेले.

दत्तजयंतीची सकाळ त्या साली सगळ्यात गार पडली. खाडीवर धुकं बसलेलं. मालनवहिनी जांभळं लुगडं नेसून धक्क्यावर ट्रंकेवर बसल्या होत्या. कुडतरकर कागद घेऊन उभे. आप्पा सल्ला घेऊन उभे. विठू नारळ घेऊन उभा. बाबल्या बोटीच्या मागच्या अंगाला पालथा पडलेला, हातात पान्हा. धुक्याच्या वर पलीकडच्या माडांचे फक्त शेंडे दिसत होते.

घूं.

आठ वाजले. घूं. सव्वाआठ. कुडतरकरांनी एसटी थांब्याकडे मान वळवून पाहिलं.

"आणखी एक गाऱ्हाणं घालू का?" विठू म्हणाला. "राखणदार अजून रागात दिसतोय."

"देव कशाला रागावेल?" मालनवहिनी ट्रंकेवरून म्हणाल्या. "बोलून दाखवू नये, विठू, पण आज वेळच तशी आली. आम्ही दसऱ्याला भिकाजीचा तेलाचा अख्खा डबा नंदादीपाला दिलाय."

विठूने नारळ खाली ठेवला. "कुठचा डबा वो, काकू? नंदादीपाला तर वर्षभर आप्पांकडचं करंजेल येतंय."

आप्पांनी मान डोलावली. धक्क्यावरची सगळी तोंडं हळूहळू अण्णांकडे वळली. आणि नेमका त्याच वेळी, टाकीखालचा स्क्रू पुरा काढून, आत काडी घालून, बाबल्याने हात बाहेर घेतला. तेलाची धार लागायला हवी होती, ती लागली नाही. त्याच्या बोटावर लोण्यासारखा पांढरा गोळा होता. त्याने तो चोळला, नाकाशी नेला आणि अण्णांकडे बघितलं.

अण्णांनी ते बोट पाहिलं. सकाळची थंडी, अकराचं ऊन, बंबाला टेकवलेली बाटली, आपण रोज सरकवलेली बाटली, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. तीस वर्षं. सहावी, पाठ तिसरा, द्रव्याच्या अवस्था. तीस वर्षं तो पाठ त्यांनी पुस्तक न उघडता शिकवला होता. त्यांचे कान गरम झाले. शेवडेमास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बाकावर उभं केलं होतं, आणि गंमत म्हणजे उभं त्यांनी स्वतःच केलं होतं.

बाबल्याने एकदा काकूंकडे बघितलं, एकदा गुरुजींकडे. मग त्याने बोट चड्डीला पुसलन आणि मोठ्याने म्हणाला, "काय नाय. कचरा अडकलाय जरासा."

म्हणजे त्याने वाचवलं. गप्प राहिलं की झालं. अकराला ऊन येईल, तेल आपोआप सुटेल, कुणाला काही कळणार नाही. फक्त नऊची गाडी जाईल, अर्ज निकालात निघेल, आणि संध्याकाळी केवडेवाडीत पाळणा दुसरंच कुणीतरी म्हणेल. अण्णांनी ट्रंकेवर बसलेल्या मालनवहिनींकडे पाहिलं. त्या माडांच्या शेंड्यांकडे बघत होत्या.

"कचरा नाही," अण्णा म्हणाले. वर्गात बोलायचे तसंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "खोबरेल आहे. डबा मी नंदादीपाला दिला नाही. ह्या टाकीत ओतला. थंडीने थिजलंय."

पाण्यात कुठेतरी मासा उडाला.

"अख्खा?" मालनवहिनींनी विचारलं.

"अख्खा."

"आणि मी पातोळे केले."

"सहा खाल्ले," अण्णा म्हणाले. आता सगळं सांगायचंच होतं.

मालनवहिनी उठल्या. लुगड्याचा ओचा नीट केला. रागावायला अख्खा जन्म पडला होता, गाडी नऊची होती. "बंबाखाली निखारे आहेत अजून," त्या म्हणाल्या. "आप्पा, तुम्ही दोन कळश्या गरम पाणी घेऊन या. विठू, दांडीवर जुनी धोतरं आहेत, ती आण. ह्यांच्या कंबरेला शेक द्यायची तीच. बाबल्या, तो स्क्रू पहिला लाव."

मग पूर्णगडच्या धक्क्यावर जे झालं ते कुठल्याही पुस्तिकेत सापडणार नाही. गोदीत नोकरी केलेले आप्पा कळशी खांद्यावर घेऊन धावत आले, खिळे मोजणाऱ्या माणसाला शोभणार नाही अशा वेगाने. मालनवहिनी बोटीत उतरल्या, गरम पाण्यात धोतर पिळून त्यांनी टाकीभोवती गुंडाळलं, दुसरं पंपाला, तिसरं नळीला, वरून हाताने दाबत राहिल्या. अण्णा गुमान धोतरं पिळून देत होते. "घड्याळ लावा," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं लागतात." कुडतरकरांनी खरंच घड्याळ लावलं.

दहाव्या मिनिटाला बाबल्याने बटण दाबलं. घूं, आणि मग तो आवाज मोकळा झाला, आणि पाय वाफाळत्या धोतरांखालून सावकाश, तालात, पाण्यात उतरला. आप्पा कळशी धरून तसेच उभे राहिले. विठूने नारळ फोडलाच, नाहीतर त्याचं काम राहिलं असतं.

कुडतरकर कागद भरायला बसले. "तेलाचा प्रकार, असा रकाना आहे. काय लिहू?"

अण्णांनी मान खाली घातली. "घाण्यावरचं," मालनवहिनी म्हणाल्या. "केवडेवाडीचं." त्यांनी तसंच लिहिलं, आणि खाली शेरा मारला : 'मार्गशीर्ष व पौष या महिन्यांत प्रस्थानापूर्वी यंत्रास शेक द्यावा.'

धुकं विरत होतं. 'मालन' धक्क्यापासून सुटली. कुडतरकर पुढे, नऊच्या गाडीला पाठ करून, मालनवहिनी ट्रंकेसह मधे, आप्पा कुणी बोलावलं नसताना. खोल पाणी लागल्यावर बाबल्याने पाय जरा बाहेर ढकललान, तसं बोटीचं नाक बेताने वर आलं आणि ती खाडीवर सरळ धावायला लागली. अण्णा बाबल्याशेजारी उभे होते.

"बाबल्या," ते म्हणाले, "सहावीत तुझा एक मार्क मी कापला होता. प्रश्न काय होता रे?"

"थंडीत घट्ट होणाऱ्या पदार्थाचं उदाहरण द्या," बाबल्या पाण्यावरची नजर न काढता म्हणाला. पंधरा वर्षं तोंडपाठ होतं.

"आणि तू काय लिहिलंस?"

"आयशीच्या डोक्याचं तेल."

"पुस्तकात काय होतं?"

"मेण."

अण्णांनी खिशातली वही काढली, शेवटचं पान उघडलं, लाल पेन काढलं आणि लिहिलं : 'बाबल्यास एक गुण दिला. उत्तीर्ण.' खाली सही, तारीख. पान फाडून त्याच्या हातात दिलं. बाबल्याने ते वाचलं, घडी केली आणि टोपीत ठेवलं. "आयशीला दाखवतो," म्हणाला. "ती लय रडली हुती तवा." मग दोघेही समोर बघायला लागले, कारण डोळ्यांत वारा जात होता.

केवडेवाडीचा धक्का जवळ आला. भिकाजी गुडघाभर पाण्यात उतरून उभा होता. बहीण बोटीतून येते आहे हे बघून तो आणखी दोन पावलं पुढे आला. त्याने आधी वाकून ट्रंक घेतली, मग बहिणीचा हात धरला, आणि मग काठावर ठेवलेला एक चकचकीत डबा उचलून अण्णांच्या पुढे केला.

"अण्णा, कालच घाण्यावरून आणलंय. पहिला डबा संपला असेल म्हटलं."

कुडतरकर कागद चाळायला लागले. आप्पा माडांकडे बघायला लागले. बाबल्याने खाली वाकून कुठलातरी स्क्रू तपासला. अण्णांचे हात पुढे झाले होते, ते तिथेच थांबले.

मालनवहिनींनी मधूनच डबा उचलला आणि पदराखाली घेतला. "हा नंदादीपाला," त्या म्हणाल्या. "मी देईन. माझ्या हाताने." आणि चार पावलं पुढे गेल्यावर मागे वळून, "चला की. की गाऱ्हाणं घालू?"

"होय महाराजा," अण्णा म्हणाले, आणि पाय वर घ्यायचं बटण दाबून त्यांच्या मागोमाग पाण्यात उतरले.